वस्तरा घ्यावा की पत्तीचा रेझर?

भाच्याच्या डोक्यात वस्तऱ्याचं खूळ शिरलंय. नवी पेठेत फिरताना विचारतो, "मामा, पैसे वाचतील ना?"

हिशेब मांडला. दुधारी पत्ती चार रुपयांची, पाच दाढ्या निघतात. रोज केली तरी वर्षाला तीनशेच्या आत. दांडा चारशेचा, एकदाच. चांगला वस्तरा, चामडी पट्टा आणि धारेचा दगड मिळून सात हजार धर. म्हणजे पैसे वसूल व्हायला वीस-बावीस वर्षं. तोवर भाच्याचं पोरगं दाढी करायला लागेल.

वेळेचं त्याहून अवघड. पत्तीने दहा मिनिटांत मोकळा. वस्तऱ्याला आधी पट्ट्यावर तीस-चाळीस हात, तेही धार मागे ठेवून. उलटा ओढलास तर पट्टा कापला जाणार आणि धारही बोथट होणार. कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन हातात बसायला दोन-तीन महिने जातात. हनुवटीखाली तुरटी लागणार, हे गृहीतच धर.

टिकण्यात मात्र वस्तरा भारी. नीट पुसला तर नातवापर्यंत जाईल. ओला ठेवलास तर गंजेल. नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या सोलापुरात एक सोय आहे: तो सारखा धुवावा लागत नाही, टॉवेलला फेस पुसला की झालं. टॉवेलची काय कमी इथे!

सकाळी कामाची घाई असेल तर पत्तीच घे. रविवारची निवांत दाढी हाच छंद असेल तर वस्तरा घे, पण बचतीचं नाव काढू नकोस.