कोल्हापूरच्या राजारामपुरीतला नेट (प्राध्यापकीची परीक्षा) लाइफ सायन्सचा क्लास, रविवारची बॅच

एचआयव्ही आणि नॉन-कोडिंग (म्हणजे प्रोटीन न बनवणाऱ्या) आरएनएचं लेक्चर ऐकायला एका क्लासला बसलोय, नाव देत नाही. शिकवणं मात्र नाद खुळा. सरांनी आधी फळ्यावर टार आरएनएची, म्हणजे व्हायरसच्या आरएनएच्या सुरुवातीच्या तुकड्याची, हेअरपिन (केसाच्या पिनेसारखी घडी) काढली, तिच्यातला तीन बेसचा फुगवटा लाल खडूनं रंगवला आणि म्हणाले इथंच व्हायरसचं टॅट प्रोटीन चिकटतं बघा. मग 7एसके, साधारण 330 न्यूक्लिओटाइडचा आपल्याच पेशीतला आरएनए, हेक्झिम1 या प्रोटीनच्या मदतीनं पी-टेफबी ला (ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणं, पुढं रेटणारा पेशीतला प्रोटीनचा जोड) अडकवून ठेवतो, टॅट येऊन जामीन भरल्यासारखं त्याला सोडवून नेतं आणि पी-टेफबी टारवर आला की व्हायरसचं ट्रान्सक्रिप्शन सुसाट. हे एकदा कळलं की निम्मा टॉपिक डोक्यात बसतोय.

बरं आपल्या पेशीतले सगळेच आरएनए काही व्हायरसच्या बाजूचे नाहीत. मिआर-28, 125बी, 150, 223, 382 हे चिमुकले मायक्रोआरएनए शांत सीडी4 पेशींत (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी) एचआयव्हीला दाबतात, नीट1 हा लांब नॉन-कोडिंग आरएनए कमी केला तर व्हायरस जास्त तयार होतो. उलट रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आपल्या आरएनएवरून डीएनए बनवणं) सुरू करायला व्हायरस आपल्याच पेशीतला लायसिन हे अमिनो आम्ल वाहणारा टीआरएनए प्राइमर, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, म्हणून वापरतो, फुकट्या कुठला!

लेटन्सी, म्हणजे व्हायरस पेशींत गुपचूप लपून बसतो तो भाग, मात्र दहा मिनिटांत गुंडाळली, खरं तर औषधं चालू असून रोग मुळातून का जात नाही ते तिथंच कळतंय, त्यामुळं राग आला. नोट्सची झेरॉक्स इतकी पुसट की 7एसके आहे का 7एसएल (हा पेशीतला वेगळाच आरएनए) तेच दिसंना. फी ठीक वाटली. गाडी लावायला जागा नाही, लवकर जावा.