पोलिसांच्या गस्ती सायकलवर आठ महिने : क्वीन्समधला माझा अनुभव

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मी ऑक्झिलरी पोलीस म्हणून काम करतो. काम बिनपगारी, स्वयंसेवकाचं. पोटापाण्याची नोकरी आयटीतली. आठवड्यातली एक संध्याकाळ आणि शनिवार-रविवारपैकी एक दिवस गणवेशात जातो. आमच्याकडे पिस्तूल नसतं. दंडुका आणि वायरलेस, बस. गस्त घालायची, डोळे उघडे ठेवायचे आणि काही वावगं दिसलं की कळवायचं. तीन वर्षं ही गस्त मी पायी घातली. यंदा एप्रिलपासून नोव्हेंबरअखेर सायकलवर घातली, त्याचा हा अनुभव.

आधी सायकलबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी एकच चालवली आहे आणि तुलना करायला दुसरी नाही. सांगाडा माउंटन बाइकचा, पुढे शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, जाड टायर, मोटरसायकलसारखा डबल स्टँड. हँडलवर लाल-निळा लुकलुकणारा दिवा आणि छोटा सायरन. मागच्या कॅरिअरवर घट्ट बसवलेली बॅग : प्रथमोपचाराचं सामान, रेनकोट, सुटी ट्यूब, पंप, पाने. सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. पेडल मारायचं थांबवलं की साध्या सायकलचं फ्रीव्हील किरकिरतं. हिचं मागचं हब मुकं आहे. रात्री बंद दुकानांच्या मागच्या गल्लीत शिरताना आवाज फक्त टायरखालच्या खडीचा.

रस्त्यावर उतरण्याआधी प्रशिक्षण झालं आणि त्यातला बराचसा वेळ हळू चालवण्यात गेला. अगदी शाळेतल्या स्लो सायकलिंगच्या शर्यतीसारखं! शंकू मांडलेल्या अरुंद वाटेतून पाय न टेकता वळायचं, फूटपाथवर चढायचं, वजन मागे टाकून पायऱ्या उतरायच्या, मान मागे वळवूनही सरळ रेषेत जायचं. त्या वेळी वाटलं, हे सर्कशीतलं कसब मला कशाला? पहिल्याच महिन्यात कळलं. रविवारच्या बाजारात माणसांच्या चालीने सायकल चालवता आली नाही, तर उतरून ढकलतच न्यावी लागते.

या शहराला सायकलवरचा पोलीस नवा नाही. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी इथल्या पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात सायकलस्वार पोलिसांचं पथक उभं राहिलं. २० मे १८९९ रोजी जेकब जर्मन नावाचा टॅक्सीवाला लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर विजेवरची गाडी ताशी १२ मैलांनी पिटाळत होता. मर्यादा ८ मैलांची. त्याला गाठून पकडलं ते सायकलवरच्या पोलिसाने! पुढे मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. १९८७ मध्ये सिअॅटलमध्ये बसच्या बोगद्यासाठी शहराचा मध्यभाग खणला गेला, पोलिसांच्या गाड्या वाहतुकीत अडकायला लागल्या, तेव्हा पॉल ग्रेडी आणि माइक मिलर हे दोन पोलीस माउंटन बाइकवर गस्तीला निघाले. आज अमेरिकेत गावोगावी दिसणारी सायकल गस्त तिथून पसरली.

आता जुलैमधला एक प्रसंग. फ्लशिंग मेडोज पार्कात तो १४० फुटी पोलादी पृथ्वीगोल आहे ना, तिथून पुढे तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मी आणि माझा जोडीदार चाललो होतो. बाकावर एक आजी बसलेल्या. नऊवारी, पायात स्पोर्ट्‌सचे बूट, मांडीवर स्टीलचा डबा. मी पुढे गेलो आणि पाठीमागून शब्द आले, "कुणाला विचारू गं बाई आता." ब्रेक दाबला, वळलो, त्यांच्यापुढे सायकल उभी केली. गणवेश बघून त्या उठायलाच लागल्या. म्हटलं, "बसा आजी, मी मराठीच आहे. काय झालं?" क्षणभर काही बोलल्याच नाहीत. मग माझा हात धरला. "बाळा, नातवाच्या मागे आले नि चुकले. फोन आहे, पण त्यात इथलं कार्ड नाही."

मुलाचा नंबर डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावून लिहिलेला होता. वीस मिनिटांत तो धावत आला. तोवर आजींनी मला आणि माझ्या कोलंबियन जोडीदाराला पोळीचे लाडू खायला लावले. गाडीत असतो तर काचा वर, एसी चालू, आणि ते वाक्य माझ्या कानावर आलंच नसतं. पायी असतो तर त्या वेळी तळ्यापर्यंत पोचलोच नसतो. सायकलचा मला कळलेला उपयोग हा आहे, आणि तो मी मनापासून सांगतोय.

लोक बोलतात. पायी फिरायचो तेव्हा मान डोलवायचे. आता मुलं घंटी वाजवायला येतात आणि त्यांच्या मागे आया येतात. कोपऱ्यावरचा फळवाला रस्त्यावरचा दिवा गेल्याचं मलाच सांगतो. बाउन स्ट्रीटवरच्या गणपती मंदिराच्या रथयात्रेला सायकल आडवी धरली की कठड्याचं काम होतं आणि रथ पुढे सरकला की आपणही लगेच पुढे.

तक्रारीही आहेत. गादी अगदी वाईट. चार तासांनंतर पायऱ्या चढताना कंबर बोलते. पाऊस पडला की डिस्क ब्रेक असे किंचाळतात की मुक्या हबचा काही फायदा उरत नाही. बॅगेची चेन सप्टेंबरातच तुटली. सामानाचं सगळं वजन मागे असल्याने सबवेच्या जिन्यावर सायकल उचलताना पुढचं चाक वर येतं. आठ महिन्यांत पाच पंक्चर, पाचही काचांमुळे. सांगलीत सायकलच्या दुकानात बसून घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायला शिकलो होतो, ते इथे कामी आलं. अंगावरच्या संरक्षक जाकिटाखाली ऑगस्टात शर्ट पिळून काढावा लागतो; दोन बाटल्या पाणी हवंच.

आता डिसेंबर लागला. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ साखळी खाऊन टाकतं, म्हणून सायकल आत ठेवायची. गेल्या रविवारी ती धुतली, साखळीला तेल दिलं, मागचे ब्रेक पॅड बदलले. नवी गादी स्वतःच्या पैशाने मागवली आहे, ती मार्चमध्ये बसवीन.