नोबिताचे शेत की शिनचॅनची सुट्टी?

'डोरेमॉन स्टोरी ऑफ सीझन्स' आणि 'शिनचॅन: मी अँड द प्रोफेसर ऑन समर व्हेकेशन' यांपैकी एकच गेम घ्यायचा असेल, तर निवड वाटते तितकी सोपी नाही. मी दोन्ही खेळलो आहे, आधी एकट्याने आणि नंतर सुट्टीत राहायला आलेल्या भाचीबरोबर. तिला ही दोन्ही पात्रे दूरचित्रवाणीवरील हिंदी रूपांतरामुळे घरच्यासारखी वाटतात.

२०१९ मध्ये आलेल्या डोरेमॉनच्या गेममध्ये नोबिता आणि त्याचे मित्र एका अनोळखी गावात येऊन पडतात आणि नोबिताच्या वाट्याला एक ओसाड शेत येते. जलरंगात रंगवल्यासारखी त्याची दृश्ये मला आजही फार सुंदर वाटतात. नोबिता हवा तिथे डुलकी घेऊ शकतो, हेही त्याच्या स्वभावाला अगदी शोभणारे आहे. मात्र माझ्याकडच्या इंग्रजी आवृत्तीत तो 'नोबी' आणि जियान 'बिग जी' झाला आहे. भाचीला ही नावे शेवटपर्यंत रुचली नाहीत.

खरी अडचण पाणी घालण्याची आहे. सुरुवातीची झारी एका वेळी जमिनीच्या एकाच चौकोनाला पाणी देते आणि प्रत्येक वेळी नोबिताची ताकद थोडी थोडी घटते. ऑफिसातून आल्यावर मला जेमतेम तासभर मिळतो आणि त्यातला बराचसा वेळ सलगम आणि बटाट्यांच्या वाफ्यांत जात असे. डुलकी काढली तर ताकद भरून येते, पण तोवर गेममधला दिवस पुढे सरकतो आणि गावात जायचे राहून जाते. ज्या सकाळी पाऊस पडे, त्या सकाळी पाणी घालावे लागत नसे, आणि सुटलो असे मला मनापासून वाटे. पुढे अवजारे सुधारतात आणि हा त्रास कमी होतो, हे मान्य केलेच पाहिजे; तिथवर पोहोचण्याचा धीर ज्याच्याकडे आहे, त्याला हा गेम कदाचित अधिक काळ पुरेल.

शिनचॅनचा गेम जपानमध्ये २०२१ मध्ये आणि इतरत्र २०२२ मध्ये आला. जपानी गेम-दिग्दर्शक काझ आयाबे यांनी २००० मध्ये प्लेस्टेशनवर उन्हाळी सुट्टीच्या गेमची जी परंपरा सुरू केली, तिचाच हा पुढचा टप्पा आहे. कुमामोतोतल्या, म्हणजे आईच्या माहेरच्या प्रांतातल्या एका गावात शिनचॅन राहायला येतो, आणि आजोळची सुट्टी अनुभवलेल्या कोणालाही तिथले ओढे, भातखाचरे आणि किडे पकडण्याची जाळी ओळखीची वाटेल. भाजीचा वाफा इथेही आहे, पण साऱ्या खेळाचा भार त्याच्यावर नाही. एका विचित्र प्राध्यापकामुळे आठवडा पुन्हा पुन्हा सुरू होतो, गावात डायनासोरही अवतरतात, आणि त्या दिवशी जे घडले ते चित्रांच्या डायरीत उतरते. कॅमेरा जागचा हलत नसल्यामुळे पडद्याच्या कडेला गेलेल्या किड्याचा पाठलाग करताना दृश्य अचानक बदलते आणि दिशांचा गोंधळ होतो, एवढी एक तक्रार मला नोंदवावीशी वाटते. आवाज जपानी असल्यामुळे इंग्रजी मजकूर मला भाचीला वाचून दाखवावा लागे, पण नावे तिच्या ओळखीचीच होती.

हा गेम तुलनेने लवकर संपतो, आणि दीर्घकाळ रमायचे असेल तर डोरेमॉनकडे वळणे चूक ठरणार नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर माझा नोबिता अजून पहिल्याच उन्हाळ्यात अडकलेला आहे आणि शिनचॅनची डायरी मी दोनदा शेवटच्या पानापर्यंत भरली आहे.