गच्चीवर पवनचक्की घेताय? आधी पात्यांचा व्यास मोजा

आमची सोसायटी घणसोलीत, खाडीच्या बाजूला. लिफ्ट आणि पंपाचं कॉमन बिल कमी व्हावं म्हणून गच्चीवर पवनचक्की बसवली. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: 3 किलोवॅट, महिन्याला दोन हजार युनिट. किंमत साडेतीन लाख, बरीचशी आगाऊ. वर ‘पीएम सूर्य घर’ची सबसिडी मिळवून देतो, हेही सांगितलं. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ही योजना छतावरच्या सोलरची आहे, पवनचक्कीला तिच्यातून काही मिळत नाही.

डेमो भर जुलैत दिला. पाती गरगर फिरत होती, मल्टीमीटरवर व्होल्ट चढत होते. पण जनरेटरवर लोडच नव्हता, म्हणजे वीज खेचणारं काही जोडलेलंच नव्हतं! लोड नसला की चक्की जोरात फिरते आणि व्होल्टही दाखवते. वीज किती मिळते ते लोड टाकल्यावर, अँपिअर मोजल्यावर कळतं. ऑक्टोबरात वारा पडला आणि बॅटऱ्या चार्ज होईनात. आमच्या विंगमधले काका वायरमन म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी तारेतला करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला, तर 24 व्होल्टच्या बॅटरीकडे जेमतेम पाऊण अँपिअर जात होता. म्हणजे अठरा वॅट, दोन एलईडी बल्बांपुरते. जनरेटर खाली उतरवल्यावर काकांनी तो एका हाताने उचलला आणि म्हणाले, “तीन किलोवॅटचं तांबं आणि चुंबक एवढं हलकं असतं होय?”

हिशेब खरं तर साधा आहे. आमच्या पात्यांचा व्यास दीड मीटर, म्हणजे वारा अडवणारं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर. सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटर वाऱ्यातही तेवढ्या जागेतून एकूण 1,800 वॅटच्या आसपास ऊर्जा जाते. त्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त कुठलीच चक्की काढू शकत नाही, ही बेट्झची मर्यादा. छोट्या चक्क्या तीस टक्के काढतात तेव्हा चांगल्या म्हणायच्या. मग 3 किलोवॅट येणार कुठून? शिवाय वेग निम्मा झाला की ऊर्जा आठपट घटते. सेकंदाला 4 मीटरचा वारा चोवीस तास राहिला तरी दिवसाला अर्धा युनिट. दोन हजार युनिट दाखवायला विक्रेत्याने सरळ 3 किलोवॅट गुणिले 24 तास गुणिले 30 दिवस केलं होतं.

ब्रोशरवर साताऱ्याच्या चाळकेवाडीतल्या मोठ्या पवनचक्क्यांचे फोटो होते. तिथलं पठार उघडं आणि उंच. आमच्या गच्चीला चारी बाजूंनी टॉवर. वारा तुटक येतो, खांब थरथरतो, वरच्या मजल्यावरच्या आजींना रात्री झोप लागत नव्हती.

वॉरंटीचा अर्ज केला तर उत्तर आलं, “तुमच्याकडे वाराच कमी.” आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. तेच ब्रोशर सध्या ऐरोलीतल्या सोसायट्यांमध्ये फिरतंय. तुमच्याकडे आलं तर व्यास विचारा, 4 आणि 5 मीटर वाऱ्याला किती वॅट ते लेखी घ्या, लोड टाकून उन्हाळ्याआधीच्या शांत दिवसांत चाचणी मागा आणि मोठी रक्कम चाचणीनंतरच द्या. आधीच पैसे गेले असतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कोटेशन आणि पावत्या जपून ठेवा.