भरतीवाल्या पोट्ट्यांच्या अभ्यासिकेतलं युद्धविरोधी पुस्तकांचं कपाट (रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार)

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावचं वाचनालय म्हणजे खरं तर भरतीच्या पोट्ट्यांची अभ्यासिका. पहाटे रोडवर सोळाशे मीटर मारून येतात अन् मग दिवसभर अग्निवीर नाहीतर पोलीस भरतीचं गाईड घेऊन बसतात. फी परवडते, इन्व्हर्टर आहे, वायफाय नावालाच. पण मी लिहितोय ते आतल्या खोलीतल्या कपाटासाठी.

तिथल्या ताईंनी युद्धाच्या विरोधातलं लिखाण जमवलंय, पुस्तकं कमी अन् झेरॉक्सच्या फाइली जास्त. सगळ्यात मळलेली फाइल व्हिएतनाम युद्धाच्या वेळची. अमेरिकेत 1 डिसेंबर 1969 ला सैन्यात कोणाला न्यायचं याची सोडत निघाली, वर्षाच्या 366 तारखा काचेच्या बरणीत, पहिली निघाली 14 सप्टेंबर, अन् 195 नंबरपर्यंतच्या तारखांवर जन्मलेल्यांना बोलावणं गेलं. फाइलीत तो पूर्ण तक्ता आहे. पोट्टे आपापला वाढदिवस शोधतात, पेन्सिलीनं बाजूला नाव लिहितात, अन् मग ज्याचा नंबर 195 च्या आत लागला तो विचारतेच, "मंग जे नाही गेले त्यायचं काय झालं?"

तिथून वाचन सुरू होते. बॉक्सर मुहम्मद अलीचं पान तर सगळ्यांनी वाचलंय. 28 एप्रिल 1967, ह्यूस्टन, नाव पुकारलं की एक पाऊल पुढं टाकायचं अन् हा जागेवरच उभा. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली, ती सुप्रीम कोर्टानं 1971 मधे रद्द केली. चेस्ट नंबर पुकारल्यावर पुढं व्हायची प्रॅक्टिस करणाऱ्या पोराला ते एक पाऊल काय असते हे समजावून सांगावं लागत नाही.

गावात काही जण म्हणतात पोरांचं डोकं फिरवू नका. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडं सक्ती नाही, पोट्टे आपल्या मर्जीनं जातात, कापसाला भाव नाही म्हणूनही जातात, मग ज्याच्या हातात उद्या बंदूक येणार त्यानंच हे आधी वाचायला पाहिजे ना भाऊ! मोबाईलवर युद्धाच्या रील दिसतात त्यात मेलेला माणूस दिसतच नाही. अन् हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही, इथं बाजूलाच पवनारला 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबांनी भाषण केलं की ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे, अन् चार दिवसांत अटक झाली. आमच्या शाळेत हे दोन ओळीत संपवलं होतं.

एक स्टार कापला कारण अर्ध्या फाइली इंग्रजीत आहेत, अन् बारावीच्या पोराला त्या जड जातात. कोणी मराठीत करून देणार असेल तर ताईंना भेटा, पाचनंतर असतात, कपाटाची चावी त्यांच्याकडंच राहते.