बेसा येथील घराला घातलेले जाळीचे कुंपण : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

आमच्या ४० बाय ६० फुटांच्या भूखंडाच्या दर्शनी बाजूला विटांची भिंत आधीपासून होती. उरलेल्या तीन बाजूंना, म्हणजे १६० फूट लांबीला, जाळीचे कुंपण घालण्याचे काम आम्ही गेल्या एप्रिलमध्ये नागपुरातील एका कंत्राटदाराला दिले. दर रनिंग फुटाला ४२० रुपये ठरला आणि त्यात जाळी, अँगलचे खांब, काँक्रीट व मजुरी हे सर्व धरलेले होते. अभिप्राय मुद्दाम पावसाळा उलटल्यावर लिहीत आहे, कारण काळ्या मातीत उन्हाळ्यात रोवलेला खांब सरळच दिसतो.

पहिल्या भेटीत त्यांनी दर सांगण्याआधी भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची प्रत मागितली, ही गोष्ट आवडली. ले-आउटमध्ये शेजारचा भूखंड रिकामा असेल तर हद्द अंदाजाने धरली जाते आणि पुढे तेथे घर उभे राहू लागले की वाद निघतो. हद्दीच्या खुणांना दोरी बांधून त्यांनी खांबांची रांग सहा इंच आत घेतली. खड्डा एक फूट रुंद असल्याने खांब नेमका हद्दीवर आला असता, तर निम्मे काँक्रीट शेजाऱ्यांच्या जमिनीत गेले असते. सहा इंच जमीन सोडावी लागली म्हणून बाबांनी दोन दिवस कुरकुर केली, हा भाग वेगळा.

जाळीबद्दल तक्रार नाही. दहा गेजची, दोन इंची चौकटीची, जस्ताचा मुलामा असलेली जाळी ठरली होती आणि तीच आली. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. दहा गेजची तार सुमारे ३.२५ मिलिमीटर, तर बारा गेजची सुमारे २.६४ मिलिमीटर भरते. डोळ्यांना हा फरक चटकन कळत नाही, म्हणून मी व्हर्नियर घेऊन उभा होतो आणि कंत्राटदारांनी त्याचा राग मानला नाही. हिरवे प्लास्टिक चढवलेली जाळी घेणाऱ्यांनी सांगितलेली जाडी प्लास्टिकसह आहे की नुसत्या तारेची, हे आधी विचारावे. डुकरांचा उपद्रव लक्षात घेऊन जाळीची खालची कड काँक्रीटच्या पट्टीत बसवली, तीही सूचना त्यांचीच होती.

काम फसले ते जमिनीखाली. खांब साडेसात फुटांचे, त्यांपैकी दोन फूट जमिनीत, असे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले होते. जुलैच्या पावसात मागच्या बाजूचे पाच खांब कलले, तेव्हा टेप लावून पाहिले तर जमिनीवरची उंची सव्वासहा फूट भरली. साडेसातातून सव्वासहा गेले की उरतो सव्वा फूट. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसून भेगाळते, आणि या हालचालीत उथळ काँक्रीटचा गोळा खांबासकट हलतो. खांबांचे माथे जाळीच्या एवढे वर का उरले आहेत, हे एप्रिलमध्येच विचारायला हवे होते. पण खड्डे भरले गेले त्या दिवशी आम्ही घरी नव्हतो आणि मजुरांना ऊन चढण्याआधी काम उरकायचे होते.

तिसऱ्या फोननंतर, पोळा झाल्यावर, माणसे आली. मात्र त्यानंतरचे काम चोख झाले, हेही नोंदवले पाहिजे. पाचही खड्डे अडीच फूट खोल, मुरूम लागेपर्यंत खणले, तळाला सहा इंच काँक्रीट घालून त्यावर खांब उभे केले, पाणी साचू नये म्हणून काँक्रीटच्या माथ्याला उतार दिला आणि कोपऱ्यांच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपे टेके जोडले. ताणलेल्या जाळीची ओढ कोपऱ्यावरच येते, त्यामुळे हे टेके मूळ कामातच हवे होते. वेगळे पैसे मागितले नाहीत.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. जाळी आणि आखणीसाठी हेच कंत्राटदार पुन्हा चालतील, पण खड्डे मोजल्याशिवाय काँक्रीट ओतू देणार नाही आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावरच देईन. टेक्यांच्या वेल्डिंगवर रेड ऑक्साइड लावायला माणूस पाठवतो म्हणाले होते, तो अजून आलेला नाही.