मराठी कामासाठी लिबरऑफिस: खरा कस फॉन्ट आणि फाइलचा

लिबरऑफिस हा मायक्रोसॉफ्ट ऑफिसला पर्याय असलेला मोफत, मुक्त ऑफिस-संच. तो घ्यावा का, हे बहुतेक जण मेनू मोजून ठरवतात. पत्रं, अहवाल, हिशोबाचे तक्ते आणि सादरीकरणं यांच्यापुरता तो प्रश्न केव्हाच मिटला आहे. अडतं ते समोरच्याने वर्डमध्ये केलेली फाइल उघडताना, आणि मजकूर मराठीत असेल तर जास्तच.

हे भांडण फाइल फॉरमॅटचं आहे. लिबरऑफिसचा ओडीएफ हा फॉरमॅट २००६ साली आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल (वर्डची .docx फाइल याच फॉरमॅटमधली) पुढे केला आणि २००८ मध्ये तोही मानक झाला. त्या मतदानात भारताने विरोधात मत दिलं होतं. त्या मानकाचे दोन प्रकार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. वर्ड आपणहून सेव्ह करतं तो ट्रान्झिशनल, ज्यात जुन्या वर्डच्या सवयी सांभाळलेल्या आहेत. त्या सवयींचा माग काढत राहणं हे लिबरऑफिसच्या प्रोग्रामरांचं न संपणारं काम आहे, आणि ते त्यांनी फार चिकाटीने केलं आहे.

तरीही पानं सरकतात, आणि बहुतेक वेळा कारण फॉन्टचं असतं. कॅलिब्री आणि कँब्रिया हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट मोफत वाटता येत नाहीत, म्हणून लिबरऑफिससोबत कार्लिटो आणि कॅलाडिया येतात. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच असल्याने ओळी जिथल्या तिथे तुटतात. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने अॅप्टॉस हा फॉन्ट डिफॉल्ट, म्हणजे आपोआप लागणारा, ठेवला. तो आपल्या मशीनवर नसेल तर दुसराच फॉन्ट लागतो आणि दोन पानांचं पत्र तिसऱ्या पानावर जातं.

देवनागरीत हाच घोळ मंगल आणि निर्मला यूआय यांच्यामुळे होतो. हे फॉन्ट विंडोजसोबत येतात, लिनक्सवर नसतात. तिथे लोहित किंवा नोटो लागतो, ओळीची उंची बदलते आणि तक्त्याची शेवटची ओळ खाली घसरते. उपाय एकच: दोन्ही बाजूंनी मुक्त फॉन्ट वापरा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल. फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करता येतो. फाइल जड होते, पण पानं हलत नाहीत.

जोडाक्षरांची तक्रार आता उरलेली नाही. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरजुळणीचं काम सगळीकडे हार्फबझ हा एकच प्रोग्राम करतो, त्यामुळे ‘वाऱ्यावर’मधला ऱ्या विंडोज, लिनक्स आणि मॅकवर सारखाच उमटतो. अट एवढीच की फॉन्ट धड असावा.

नवख्या माणसाला सगळ्यात छळते ती स्टाइल. रायटर, म्हणजे लिबरऑफिसमधला वर्डसारखा प्रोग्राम, लॅटिन आणि देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठेवतो. स्टाइलमध्ये वेस्टर्नच्या जागी आकार १४ केला तर इंग्रजी शब्द मोठे होतात आणि मराठी जागच्या जागी राहतं. बिघाड काही नसतो, बदल सीटीएलच्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या) रकान्यात करायचा असतो. आधी टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून तिथे मराठी निवडा, मगच हे रकाने दिसतात. वर्डच्या .docx (डॉक्स) फाइलमध्येही देवनागरीचा ठळकपणा वेगळा नोंदवलेला असतो. म्हणून दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने बनवलेल्या फाइलमधलं ठळक शीर्षक कधीकधी साधं दिसतं.

श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचं खापर मात्र लिबरऑफिसवर फोडू नका. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. मूळ फॉन्ट नसेल तर वर्डमध्येही अगम्य चिन्हंच दिसतील. आधी कन्व्हर्टर चालवून तो युनिकोडमध्ये आणा, मग संपादन.

कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये, लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी किंवा इंग्रजी (भारत) ठेवलं की हजारांचा स्वल्पविराम १,००,००० असा लाखाच्या पद्धतीने पडतो, वेगळा फॉरमॅट लिहावा लागत नाही. २४.८ आवृत्तीत तक्त्यातून नोंद शोधणारं एक्सलुकअप हे सूत्रही आलं. बाहेरचा डेटा आणून साफ करणारी एक्सेलची पॉवर क्वेरी मात्र नाही. व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेतले साधे मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या सूचना) चालतात, पण अॅक्टिव्हएक्स या विंडोजच्या बटणं-फॉर्मच्या तंत्रावर बांधलेले अडतात. ज्या कार्यालयाचा हिशोब अशा मॅक्रोंवर उभा आहे त्याने आधी प्रत काढून प्रत्येक बटण दाबून पाहावं, आणि अडलं तर त्या एका टेबलावर एक्सेल राहू द्यावं.

नेहमीचं काम ओडीटीमध्ये (रायटरची ओडीएफ फाइल) ठेवा आणि डॉक्स फक्त पाठवताना बनवा. एकच फाइल दोन्ही प्रोग्रामांत आळीपाळीने सेव्ह केली की क्रमांकित याद्या आणि चित्रांच्या जागा हळूहळू बिघडतात. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ द्या. एक्सपोर्ट करताना हायब्रिड पर्याय निवडला तर मूळ ओडीएफ त्याच पीडीएफमध्ये राहते आणि रायटरमध्ये उघडून पुन्हा दुरुस्त करता येते. हा पर्याय फार कमी लोक वापरतात, आणि ग्रामपंचायतीपासून प्रकाशकापर्यंत सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.